कपाशी किती दिवसांची?

मे महिना उजाडला की चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तापीकाठच्या तालुक्यांत दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली असते, सालदार ठरलेले असतात, नांगरट-वखरणी आटोपून ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात, विहिरीला पाणीही असते. दुकानात बियाणे मात्र मिळत नाही. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून कृषी विभागाने २०१७ च्या हंगामानंतर कपाशीच्या बियाण्याची शेतकऱ्यांना होणारी विक्री लांबवायला सुरुवात केली. लवकर पेरलेल्या कपाशीला लवकर पाती-फुले येतात आणि गेल्या हंगामातून वाचलेल्या पतंगांना ती आयती मिळतात, हे त्यामागचे शास्त्र. शेतकऱ्याचे म्हणणे असे की मे महिन्यात लावलेली कपाशीच त्याला चार पैसे देते. मग बियाणे मध्य प्रदेशातून किंवा गुजरातेतून येते, त्याची पक्की पावती नसते, आणि ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो.

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. वाद तारखेवरून होत असला तरी त्याचे मूळ रोपाच्या आयुष्यात आहे. खानदेशच्या शेतात कपाशी किती दिवस उभी राहावी, हे आजवर क्वचितच इथल्या पावसाकडे, जमिनीकडे आणि किडीकडे पाहून ठरले. ते गिरणीच्या गरजेवरून ठरले, पुढे बियाण्याच्या व्यापारावरून ठरले. जळगाव जिल्ह्यात गेले दशकभर पाच लाख हेक्टरांच्या आसपास आणि धुळ्यात दोन लाखांच्या आसपास कपाशी होत आली आहे. म्हणजे खरिपाचा मोठा हिस्सा एका पिकावर आणि खरे तर एकाच प्रकारच्या रोपावर उभा आहे. म्हणून या रोपाचा आढावा मुळापासून घ्यायला हवा.

आज खानदेशात दिसते ती जवळजवळ सगळी कपाशी गॉसिपियम हिरसुटम या जातीची, म्हणजे आपण ज्याला अमेरिकन कापूस म्हणतो ती. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे तिचे माहेर. जगात पिकणाऱ्या कापसापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास कापूस या एकाच जातीचा असतो. आपला देशी कापूस, गॉसिपियम आर्बोरियम, तिचा दूरचा भाऊबंद. देशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. देशीचे मूळ खोल जाते, पावसाचा खंड ते सोसते, तुडतुडे-माव्याला सहसा दाद देत नाही. पण बोंड लहान आणि धागा आखूड, जाड. अमेरिकनचे बोंड टपोरे, धागा लांब आणि तलम, वेचायला सोपा. पण तिला खत लागते, वेळेवर पाणी लागते, आणि तिच्यावर किडींचा डोळा असतो.

धाग्याबद्दल एक गोष्ट समजून घेतली तर पुढचे पुष्कळ उलगडते. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांब वाढते, तोच कापसाचा धागा. फूल उमलल्यानंतर पहिले तीनेक आठवडे ती पेशी लांबीला वाढते आणि नंतरचे तीन-चार आठवडे तिच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर बसत जातात. पहिल्या टप्प्यात पाणी तुटले तर धागा आखूड राहतो. दुसऱ्या टप्प्यात रोप उपाशी राहिले तर धागा कच्चा, पोकळ, रंग नीट न धरणारा निघतो. साक्री, शिंदखेडा, पारोळा भागातल्या हलक्या, मुरमाड रानात पाऊस सप्टेंबरअखेर आटोपतो. तिथे जून-जुलैत लावलेल्या १६० ते १८० दिवसांच्या संकरित कपाशीची बोंडे नेमकी ओल संपल्यावर भरायला लागतात. पाने लाल पडतात, शेतकरी त्याला लाल्या म्हणतो, औषध विचारत दुकानात जातो. दुकानदार काहीतरी देतोही. पण भरत्या बोंडांना अन्न कमी पडल्यामुळे होणाऱ्या या विकृतीवर बाटलीत उत्तर नसते.

हे रोप इथपर्यंत आले कसे, याचा इतिहास दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि तो खानदेशाने विसरू नये असा आहे.

मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता आणि तो अमेरिकेतून येत होता. एकाच देशावर विसंबणे धोक्याचे म्हणून कंपनी सरकारने १८४० मध्ये अमेरिकेतून कापूस लावणारे जाणकार आणले आणि हिंदुस्थानात अमेरिकन बी रुजवण्याचा खटाटोप केला. मुंबई इलाख्यात धारवाडकडे ते रुजले, खानदेशात नीट रुजले नाही. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे सरकली, भुसावळ हे मोठे ठाणे झाले, आणि साधे गाव असलेले जळगाव बघता बघता कापसाची पेठ बनले. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी आखूड धाग्याच्या गावठी कापसाऐवजी हिंगणघाटचे बी पसरवण्याचा जोर लावला. हिंगणघाटचा कापूस देशीच, पण धाग्याला सरस. काही वर्षे तो चालला. पण १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, आणि चांगल्या धाग्यासाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक नाहीसे झाले.

पुढे काय झाले ते मला सगळ्यांत बोलके वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशातल्या शेतकऱ्याने रोझियम नावाचा देशी कापूस उचलून धरला. फुले पांढरी, धागा आखूड आणि खरबरीत, गिरणीच्या दृष्टीने कमअस्सल. पण झाड काटक, उत्पन्न भरवशाचे, आणि शंभर किलो कापसातून चाळीसच्या आसपास रुई. लांब धाग्याच्या जुन्या जातींची रुई याहून बरीच कमी पडे. व्यापारी काट्यावर पैसे देत होता, म्हणून शेतकऱ्याने काट्यावर भरेल तो कापूस लावला. त्याच्यावर भेसळीचा, अडाणीपणाचा ठपका आला. सरकारने १८६३ मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला होता, १९२३ मध्ये कापसाच्या वाहतुकीवर नियंत्रण आणणारा कायदा आला. या कायद्यांनी भेसळ थोडीफार आवरली असेल. लांब धाग्याला जास्त दाम मात्र त्यांनी मिळवून दिला नाही. खुद्द शेतीखात्यालाही अखेर मान्य करावे लागले की हिशेबात रोझियमच परवडतो, आणि खात्याने त्याचे निवडक बी वाटले. शेतकरी अडाणी नव्हता, त्याचा हिशेब चोख होता.

या ओढाताणीतून खरी वाट काढली ती जळगावच्या संशोधनाने. मर रोगाने त्या काळी खानदेशातली रानेच्या राने वाळत. १९३० च्या दशकात जळगावहून ‘जरिला’ ही मर न लागणारी देशी जात आली. धागा रोझियमपेक्षा बरा, उत्पन्नही राखणारी. ती खानदेशातून वऱ्हाडापर्यंत पसरली. तिचे नाव इतके पक्के झाले की मुंबईच्या वायदेबाजारात देशी कापसाचा पायाभूत करार ‘जरिला’ याच नावाने चाले. त्यात धाग्याची लांबी २५/३२ इंच, म्हणजे जेमतेम वीस मिलिमीटर धरलेली असे. खानदेशच्या मातीत निवडलेल्या जातीवरून साऱ्या देशाच्या कापसाचा भाव बोलला जाई. तिच्यानंतर ‘विरनार’ आली. या जाती तयार करणाऱ्यांनी आधी जमीन पाहिली, रोग पाहिला, पाऊस पाहिला आणि मग धागा जमेल तितका लांबवला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे तो उलटला.

गिरण्यांचीही आठवण इथेच द्यायला हवी. १८७० च्या दशकात मुळजी जेठा यांच्या घराण्याने जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभारली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रतापशेठांनी अमळनेरला प्रताप मिल काढली, धुळ्यात न्यू प्रताप मिल झाली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली. पिकवायचे, पिंजायचे, कातायचे आणि विणायचे हे सगळे पन्नास कोसांच्या आत होत होते. आखूड धाग्याचे जाडेभरडे कापड विणणाऱ्या गिरण्या शेजारीच असल्याने देशी कापसाला गिऱ्हाईक होते. आज जळगावच्या त्या गिरणीच्या जागी व्यापारी संकुल आहे.

फाळणीने चित्र पालटले. अमेरिकन कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाबचे कालव्याखालचे पट्टे पाकिस्तानात गेले, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशातले जवळजवळ सगळे कापूस क्षेत्र देशी जातींखाली होते. गिरण्यांना लांब धागा हवा, परकीय चलन नाही, म्हणून देशभर अमेरिकन कापूस वाढवण्याचे धोरण आले. १९७० मध्ये खानदेशच्या शेजारी, सुरतेच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. फूल उमलण्याआधी हाताने त्याचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर लावायचे, असे एकेक फूल करत हे बी तयार होते. मजुरी स्वस्त होती म्हणून भारतात ते जमले. उत्पन्न वाढले हे खरेच; ‘एच-४’ने खानदेशात बागायतदारांची घरे बांधली असे जुनी माणसे सांगतात, आणि ते खोटे नाही. पण दोन गोष्टी त्याबरोबर आल्या. झाड मोठे, पसरट आणि लांब मुदतीचे झाले. आणि घरची सरकी बी म्हणून ठेवण्याची रीत संपली, कारण संकरित बियाणे दरवर्षी नवेच घ्यावे लागते.

याच सुमारास राज्य सरकारने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. कापूस सरकारलाच विकायचा, सरकार तो पिंजून गाठी विकणार. योजनेत धाग्याच्या प्रतीनुसार ग्रेड होते, कल्पना म्हणून ती चांगली होती. पण ग्रेड देणाऱ्याच्या एका शब्दावर गाडीचा भाव ठरे, खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा रात्र-रात्र उभ्या राहत, आणि चुकारे रखडत. खानदेश तर दोन राज्यांच्या सीमेवर. भाव तिकडे जास्त असला की कापूस रातोरात सेंधवा, बऱ्हाणपूर किंवा गुजरातेकडे जाई, इकडे जास्त असला की तिकडचा इकडे येई. १९८० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापसाच्या भावासाठी मोठी आंदोलने उभी केली. तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर खासगी खरेदीला मोकळीक मिळून एकाधिकार नावापुरताही उरला नाही. ही योजना मोडली याचे मला दुःख नाही. तिच्याबरोबर प्रतीनुसार दाम देण्याची कल्पनाही बुडाली, हे नुकसान मात्र मोठे आहे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. मातीतल्या एका जीवाणूचे जनुक कपाशीत घातलेले. त्यामुळे रोपात असे प्रथिन तयार होते की ते खाल्ल्यावर बोंडअळी मरते. हिरव्या बोंडअळीने त्याआधीच्या दशकात शेतकऱ्याला रडवले होते. आठवड्याला फवारणी, तरी अळी जिवंत. बीटीने ती आटोक्यात आणली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि पाच-सहा वर्षांत खानदेशात बिगर-बीटी कपाशी शोधून सापडेना. बीटीला सरसकट शिव्या देणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्यांनी १९९० च्या दशकातली कपाशी पाहिली आहे त्यांना हा फरक माहीत आहे.

घात झाला तो गुलाबी बोंडअळीत. ही कीड मूळचीच आपल्या भागातली. १८४३ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेच भडोचच्या कापसावरून. ही अळी हिरव्या अळीसारखी दहा पिकांवर फिरत नाही. कपाशीशिवाय तिचे फारसे चालत नाही. फुलात शिरली की पाकळ्या गुंफून टाकते, त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की बाहेरचे छिद्र बुजते, आत ती एका सरकीतून दुसरीत जाते, आणि वरून बोंड हिरवेगार, ठणठणीत दिसते. वेचणीच्या वेळी हाती येते ती कवडी.

बीटी असूनही ती का मेली नाही? इथे संकरित बियाण्याचा दोष उघडा पडतो, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. शेतात लावलेले रोप संकरित पहिल्या पिढीचे असते, पण त्याच्या बोंडातल्या सरक्या ही पुढची पिढी असते. जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल तर त्या बोंडातल्या साधारण दर चार सरक्यांपैकी एकीत ते नसते. म्हणजे एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरक्या शेजारी-शेजारी. अळीला थोडे विष, थोडे अन्न असा खुराक मिळतो, आणि विष पचवणाऱ्या अळ्यांची निवड आपोआप होत जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी संकरित वाण आणि त्यांची लांब मुदत यांवर वारंवार बोट ठेवले आहे. त्यात भर आश्रयाच्या ओळींकडे झालेल्या दुर्लक्षाची: बांधाला बिगर-बीटी कपाशी लावायची असते म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही शिल्लक राहतात. पाकिटाबरोबर ते बियाणे वेगळे मिळायचे, आणि शेतकरी ते फेकून द्यायचा. त्याला कोणी नीट सांगितलेच नव्हते.

आणि फरदड. डिसेंबरात वेचण्या संपल्या तरी पाणी देऊन, खत टाकून तेच झाड मार्च-एप्रिलपर्यंत ठेवायचे, पुन्हा बहर घ्यायचा. भाव बरा असला की फरदडीचे दोन-तीन क्विंटल फुकटचे वाटतात. त्यापुढे घराशेजारी रचलेल्या पऱ्हाट्या पावसाळ्यापर्यंत जळणाला राहतात आणि त्यांतल्या किडक्या बोंडांत अळ्या सुस्त पडून असतात. मग मे महिन्यात नवी कपाशी उभी राहते. अळीला बारा महिन्यांपैकी एकही महिना उपवास घडत नाही. २०१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देईनाशी झाल्याचे उघड झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांचा बीटीही निकामी ठरला. अमेरिकेने हीच कीड २०१८ मध्ये देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यांच्याकडे संकरित नव्हे, सरळ वाणांची बीटी कपाशी होती, आश्रयाचे क्षेत्र राखलेले होते, नपुंसक पतंग सोडले गेले आणि पीक निघाल्यावर पऱ्हाटी गाडणे बंधनकारक होते. जनुक जवळपास तेच होते. फरक पडला तो बियाण्याच्या जातीत आणि सामुदायिक शिस्तीत.

आता पूर्वहंगामी कपाशीकडे परत येऊ. तापीकाठच्या बागायतदाराचा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे. मेच्या उन्हात ठिबकवर लावलेले रोप पाऊस येईपर्यंत मूळ धरते, तणांच्या पुढे निघते, ऑगस्टच्या शेवटी त्याची बोंडे फुटतात. नवरात्र-दिवाळीपर्यंत बहुतेक कापूस घरात येतो आणि शेत गहू, हरभरा किंवा केळीला मोकळे होते. म्हणजे लवकर लावणे आणि लवकर काढून टाकणे, दोन्ही झाले तर या पद्धतीत अळीविरुद्धही एक सोय आहे, कारण गुलाबी अळीचा खरा जोर ऑक्टोबरनंतर वाढतो. जळगाव हे ठिबकचे मोठे केंद्र. जैन उद्योगसमूहाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते इथे रुजवले आणि खानदेशी शेतकऱ्याने ते कपाशीत जितके वापरले तितके फार थोड्यांनी वापरले असेल. नुकसान करते ते मे महिन्यात लावून मार्चपर्यंत ठेवलेले रोप. म्हणून माझे मत असे की सुरुवातीच्या तारखेपेक्षा शेवटच्या तारखेवर कटाक्ष हवा. बियाण्याची विक्री रोखणे खात्याला सोपे, कारण दुकाने मोजकी आहेत. डिसेंबरअखेर प्रत्येक शिवारातली कपाशी उपटून श्रेडरने बारीक झाली की नाही हे पाहणे अवघड, कारण त्यासाठी गावोगाव फिरावे लागते, यंत्र पुरवावे लागते, आणि फरदडीवर पाणी सोडणाऱ्याला ते दोन-तीन क्विंटल का सोडावेत याचे उत्तर द्यावे लागते.

हे उत्तर शेवटी बाजारात आहे. खानदेशात पुष्कळसा कापूस खेडा खरेदीत जातो. व्यापारी गावात येतो, मूठभर कापूस हातात घेऊन पाहतो, भाव बोलतो, काटा करतो, कट्टी लावून वजनात कपात करतो. गणेश चतुर्थीला धरणगाव-बोदवडकडच्या जिनिंगमध्ये खरेदीचा मुहूर्त होतो, पहिल्या कापसाला चढा भाव जाहीर होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. हंगामाचा भाव त्यानंतर ठरतो. भाव क्विंटलचा असतो. त्या क्विंटलात रुई किती, धागा किती लांब, किती पक्का, हे विकणाऱ्याला कळतच नाही.

एक हिशेब मांडून पाहा. समजा रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, ५५ हजार रुपयांना आणि सरकी ३३ रुपये किलोने विकली जात आहे. ज्या कापसाची रुई ३४ टक्के आहे, त्याच्या एका क्विंटलातून, दोन किलो घट धरून, ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी मिळते. दोन्हींची किंमत सुमारे ७,३६५ रुपये. रुई ३८ टक्के असेल तर हीच किंमत सुमारे ७,८५० होते. क्विंटलमागे ४८५ रुपयांचा फरक, आणि गावातल्या काट्यावर दोघांना भाव एकच. मग पैदासकाराने जास्त रुईचा वाण काढावा कशाला आणि शेतकऱ्याने तो मागावा कशाला? भारतातल्या संकरित वाणांची रुई ३३ ते ३६ टक्क्यांत अडकली आहे, ऑस्ट्रेलिया-चीनमध्ये ती चाळीसच्या पुढे गेली आहे. रोझियम लावणाऱ्या आजोबांना निदान रुईचा उतारा तरी कळत होता. आज तोही हिशेबातून गेला आहे.

हमीभावाने थोडा आधार दिला आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता, आणि खुला बाजार त्याच्या खाली राहिला. भारतीय कापूस महामंडळाला माल द्यायचा तर मोबाइलवर नोंदणी, पीकपेऱ्याची नोंद, आणि ओलावा आठ टक्के. बारापर्यंत चालतो पण कपात करून, त्यापुढे नाही. ऑक्टोबरातल्या भीज पावसानंतर वेचलेला कापूस आठ टक्क्यांवर आणायचा तर तो वाळवायला अंगण हवे आणि थांबायला ऐपत हवी. ज्याला दिवाळीआधी दुकानदाराची उधारी फेडायची आहे तो खेडा खरेदीतच देतो. २०२२ च्या वसंतात भाव दहा हजारांच्या वर, काही ठिकाणी बारा हजारांपर्यंत गेला होता. त्या आशेने पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस घरात साठवला. उन्हाळाभर घरभर रुई, लेकराबाळांच्या अंगाला खाज, आणि शेवटी भाव सात हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपला कापूस बाजारात येण्याच्या वेळी. कापड उद्योगाच्या अडचणी खऱ्या असतील. त्याची झळ सोसायची पाळी मात्र पिकवणाऱ्यावर आली.

वेचणीचा खर्च हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सातपुड्यातली पावरा-भिल्ल कुटुंबे वेचणीला येतात, किलोवर मजुरी ठरते, आणि बोंडे लहान, किडकी असली की दिवसभरात भरणारे किलो कमी होतात. अशा रानात मजूर दुसऱ्यांदा येत नाहीत. अलीकडच्या हंगामांत जळगावात कपाशी घटून मका वाढला, त्यामागे हे मोठे कारण आहे. मका यंत्राने निघतो.

पुढची वाट काय, यावर तीन गोष्टी बोलल्या जातात आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली सघन लागवड. चार बाय दोन फुटांवर लावलेल्या संकरित कपाशीची एकरी साडेपाच हजारांच्या आसपास झाडे बसतात; ९० बाय १५ सेंटिमीटरवर लहान चणीचे वाण लावले तर तीस हजार. झाड जास्त, बोंडे झाडागणिक कमी, पण सगळी एकदम फुटतात आणि पीक १४०-१५० दिवसांत आटोपते. धुळ्याच्या कोरडवाहू रानाला हे शोभणारे आहे, कारण ओल आहे तोवर बोंडे भरून होतात. गळफांदी काढून शेंडा खुडण्याची दादा लाड यांची पद्धतही याच दिशेची आहे. अडचण अशी की एवढी झाडे लावायची तर एकरी बियाण्याची पाकिटे दुपटीहून जास्त लागतात. संकरित बियाण्याच्या भावात ते परवडत नाही. घरचे राखता येईल असे सरळ वाण हवेत. बियाणे कंपन्यांना त्यात रस नाही, तेव्हा ते काम सरकारी संशोधनाचेच आहे. जिथून जरिला निघाली त्या जळगावने हे काम हाती घेणे अस्थानी नाही.

दुसरी गोष्ट देशी कापसाची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगावच्या संशोधनातून ‘फुले धन्वंतरी’ हा देशी वाण आला; पाणी शोषणारा, म्हणून दवाखान्यातल्या कापसाला योग्य. हलक्या जमिनींत देशीला अजून जागा आहे. पण देशी कपाशी सबंध खानदेशात परत येईल असे म्हणणाऱ्यांनी आधी आखूड धागा घेणारे गिऱ्हाईक दाखवावे.

तिसरी गोष्ट केंद्राची. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचे कापूस उत्पादकता अभियान जाहीर झाले, त्यात अतिलांब धाग्यावर भर आहे. अतिलांब धागा म्हणजे आणखी जास्त दिवसांचे पीक, आणखी नाजूक रोप. क्विंटलच्या भावात विकणाऱ्या, सप्टेंबरात ओल संपणाऱ्या पारोळ्याच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्या उपयोगाचे काय, तर तालुक्याच्या बाजार समितीत एक छोटे जिनिंग यंत्र आणि धागा मोजणारे उपकरण: गाडीतून दोन किलो नमुना काढायचा, रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी पावतीवर लिहायची, आणि बोली त्या पावतीवर लावायची. धुळे आणि शिरपूरच्या शेतकरी सहकारी सूतगिरण्यांनी आपल्या सभासदांचा कापूस असा घ्यायला सुरुवात केली, तर त्यासाठी दिल्लीच्या अभियानाची वाट पाहावी लागणार नाही.